मदत हवी आहे: मदतनिधीच्या कार्यक्रमाचा वाढीव खर्च कुठून भागवायचा?

नमस्कार मंडळी,

आमच्या विद्यार्थी गटाने एका सेवाभावी संस्थेसाठी निधी जमवायला गाण्याचा कार्यक्रम केला. प्रतिसाद छान मिळाला, पण आता बिलं येऊ लागलीत. कार्यक्रम लांबला म्हणून सभागृहाचं जादा भाडं, साउंडवाल्याचे वाढीव तास, शिवाय ऑनलाइन आलेल्या रकमांमधून पेमेंट गेटवेने कापलेलं शुल्क. हे शेवटचं तर कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

अडचण अशी की पोस्टरवर 'जमलेली सगळी रक्कम संस्थेला' असं ठळक छापलंय. 'खर्च वजा जाता' असतं तर प्रश्नच नव्हता. आमचा खजिनदार म्हणतो, आधी बिलं चुकती करू, उरेल ते देऊ. मला हे पटत नाही. लोकांनी पैसे दिले ते त्या शब्दावर. पण बिलं थकवणंही बरं दिसत नाही, आणि पोरांनी पदरमोड तरी किती करायची?

माझ्या मते तिकिटांचे पैसे आणि निव्वळ देणग्या वेगळ्या मोजाव्यात, देणग्यांना अजिबात हात लावू नये. तुटीसाठी एखादा प्रायोजक गाठावा किंवा कॉलेजकडे मागावं. (कार्यक्रम उरकल्यावर प्रायोजक मिळतो का, देव जाणे.)

तिकिटांतूनच खर्च वळता करायचा झाला, तर आधी संस्थेची लेखी संमती घ्यावी की तिकीट घेणाऱ्यांना कळवावं? हिशोब जाहीर करताना एकूण जमा आणि कापलेला खर्च दोन्ही दाखवावेत ना? आणि झालेल्या बिलात सवलत मागितली तर कुणी देतं का? यातून गेलेल्यांनी कृपया सांगा.