‘बघतो काका’ म्हणालो आणि चेक बाउन्सची नोटीस राहता राहता वाचली (इंदूर)

नवाकोट_इंदूर:
नमस्कार मंडळी. सीनियरांच्या चेंबरमधून बाहेर पडून डिस्ट्रिक्ट कोर्टात स्वतःचं काम सुरू केलंय, दीडेक वर्ष झालं. मागच्या महिन्यात आत्याच्या ओळखीतल्या एका काकांनी रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर बाउन्स चेक आणि बँकेच्या मेमोचा (चेक परत आल्याच्या चिठ्ठीचा) फोटो पाठवला. मी सराफ्यात भुट्ट्याचा कीस खात उभा, एका हाताने ‘बघतो काका’ टाइप केलं आणि विसरलो. त्यांना वाटलं केस माझ्याकडे आली, मला वाटलं ते कागद घेऊन येतील. चेक देणाऱ्याला नोटीस पाठवायला मेमोपासून 30च दिवस असतात, आणि मेमो मिळाल्याच्या 28व्या दिवशी फोन, ‘नोटीस गेली ना रे?’ घामच फुटला. त्याच दिवशी स्पीड पोस्ट केली, वाचलो. पण राहिलीच असती तर माझ्यावर ग्राहक कोर्टात केस झाली असती का? आणि अशी तोंडी कामं तुम्ही लोक लक्षात कशी ठेवता?

पांढरी_पट्टी:
ग्राहक कोर्टाचं टेन्शन घेऊ नकोस, 14 मे 2024ला सुप्रीम कोर्टाने वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही असं सांगितलंय. पण लगेच खुश पण होऊ नकोस, निष्काळजीपणाचा दिवाणी दावा होऊ शकतो आणि ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम 35 खाली जबलपूरला बार कौन्सिलकडे तक्रार जाऊ शकते, त्यात वकिलीची सनद सस्पेंड होईपर्यंत मजल जाते. आणि एक, चेक बाउन्सच्या कलम 138मध्ये कोर्टात तक्रार दाखल करायला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते, नोटिशीचे 30 दिवस गेले की त्याला माफी नाही. चेकची 3 महिन्यांची मुदत शिल्लक असेल तर परत बँकेत टाकून नवा मेमो घ्यायचा, एवढाच रस्ता.

मुंशीवर_भरोसा_नाही:
अरे भाऊ, मी पण असंच एकदा पोळलेय, अपिलात. मुंशीने (माझ्या कारकुनाने) निकालाच्या नकलेचा अर्ज केला, मी समजले तारीख पण त्यानेच मांडली असेल. दिवाणीत जिल्हा कोर्टात अपील 30 दिवस, हायकोर्टात 90, नकल मिळायला लागलेले दिवस वजा होतात खरे पण त्यासाठी अर्ज वेळेत केलेला हवा ना. तेव्हापासून शेवटची तारीख लाल पेनने आणि तिच्या 10 दिवस आधीची पण, दोन्ही मी स्वतः लिहिते. आणि फोटो आला की एकच उत्तर, ‘मूळ कागद आणि वकालतनाम्यावर (वकीलपत्रावर) सही झाल्याशिवाय केस घेतली असं समजू नये.’ तुझ्या नोटिशीचं ट्रॅकिंग आजच प्रिंट करून ठेव, नोटीस मिळाल्यापासून 15 दिवस चेक देणाऱ्याला पैसे द्यायला असतात, ते संपले की एका महिन्यात तक्रार.

रीगल_चौक:
ताई, बरोबर आहे पण इंदुरात ओळखीच्या माणसाला असं लिहिलं की पुढच्या गणपतीत आत्याच बोलत नाही. मी तोंडी गोड बोलतो, मग घरी जाऊन मेसेज करतो की आज असं असं ठरलं. समझोत्याचं मात्र अशिलाची लेखी संमती असल्याशिवाय कोर्टात ‘हो’ म्हणत नाही, तिथे ओळख गेली खड्ड्यात. आणि फी राहिली म्हणून फाइल अडवून बसू नकोस, 2000 साली सुप्रीम कोर्टाने तो हक्क नाही म्हणून सांगितलंय, तो वकीलही आपल्या एमपीतल्याच बँकेचा होता.

नवाकोट_इंदूर:
धन्यवाद सगळ्यांना. काकांना काल बोलावलं, वकालतनाम्यावर सही घेतली, दोन्ही तारखा लाल पेनने मांडल्या. फीचं विचारलं तर म्हणाले, ‘बघतो.’