दादाची जुनी पिकअप: घरी उघडावी की गॅरेजला द्यावी?

मंडळी, नमस्कार.

पाच आठवड्यांच्या सुट्टीवर भांडुपला घरी आलोय. आपल्यात गाड्यांचं काम जाणणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारतोय.

दादाची डिझेल पिकअप २०१२ची आहे, पेणच्या आरटीओतली. कॉमन रेल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डिझेल यंत्रणा, नाही; डिझेल ढकलणारा साधा यांत्रिक पंप. वर्षभर भाजी-किराणा आणि गणपतीआधी पेणहून मूर्ती. सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो, मग पांढरा धूर सोडत सुरू होते. एकदा उठली की दिवसभर त्रास नाही. फक्त शाडूच्या मूर्ती भरून येताना कर्नाळ्याच्या चढाला तिचा दम तुटतो. शाडू वजनदार, त्यामुळे हे लगेच जाणवतं.

गॅरेजवाल्याने बॉनेटही नीट न उघडता पंप आणि इंजिनात डिझेलचा फवारा मारणारे चारही नोझल करायला सांगितले. गाडी आठ दिवस ठेवा म्हणाला. तिकडे परदेशात मी माझ्या गाडीचे ब्रेक, क्लच, अगदी हेड गॅसकेटसुद्धा घराच्या दारात केलंय, म्हणून दादाला म्हटलं, मी करतो. तो काही बोलला नाही. रात्री वहिनी म्हणाली, "भावजी, अर्धवट राहिली तर मूर्ती कशात आणायच्या?" पहिल्या खेपेला अठरा दिवस उरलेत. काय करू?

— भांडुपहून

*

बाळा,

वहिनीचा प्रश्न बरोबर आहे, तो आधी सोडव. परदेशात आपण पाना हातात घेतो कारण तिथे मजुरी परवडत नाही. मुंबईत मजुरी परवडते, गाडी उभी राहिलेली परवडत नाही. म्हणून इथे माझा हिशेब असा: सकाळी उघडून संध्याकाळपर्यंत जोडता येईल ते काम घरी. ज्यात गाडी रात्रभर उघडी राहील ते गॅरेजला.

पण आधी दोष सापडू दे. रात्रभर उभी राहिल्यावरच त्रास होतो, म्हणजे माझा पहिला संशय हवेवर. पाइपला कुठे बारीक चीर असली की रात्रीत डिझेल टाकीकडे उतरतं आणि लाइनमध्ये हवा भरते. उद्या सकाळी सेल्फ मारायच्या आधी हातपंप, म्हणजे लाइनमध्ये डिझेल ओढायचा छोटा पंप, मार. तो घट्ट व्हायला खूप वेळ लागला आणि मग गाडी पटकन उठली, तर पंपाला हात लावायचं कारण नाही. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक नळी टाक. बुडबुडे दिसले तर टाकीपासून एकेक जोड तपासत ये: रबरी पाइप, तांब्याचे वॉशर, फिल्टरचं रबर. फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणी निघतं का तेही बघ.

हातपंपाने फरक पडला नाही तर मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघ. गरम इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढ. तिथून भकाभका धूर आला तर ती बॅक मारते आहे, म्हणजे सिलिंडरमधला दाब खाली गळतो आहे, ते काम घरचं नाही. दादाला एक नक्की विचार, या पावसात गाडी साचलेल्या पाण्यातून काढली होती का? २६ जुलै २००५ला मी सुट्टीवर कुर्ल्याला होतो. सांताक्रूझला त्या २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पुढे कितीतरी दिवस भावाच्या गॅरेजात बुडालेल्या गाड्या येत होत्या. सेल्फ न मारता ओढून आणलेल्या बऱ्याच वाचल्या, मारून बघितलेल्या काहींचे कनेक्टिंग रॉड वाकले होते. रॉड जरासा वाकला तरी त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन पडतं आणि धूर असाच पांढरा येतो.

पंप मात्र उघडू नकोस. त्याचं कॅलिब्रेशन टेस्ट बेंचवरच होतं. नोझलही काढून पंपवाल्याकडेच तपासायला दे.

आणि चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा! खाऱ्या हवेतली गाडी आहे. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर बसतात तिथे हातोडीने वाजवत जा. खणखणीत वाजली तर खर्च कर. आवाज भद्द आला तर आधी तिथलं बघ. आठ वर्षांवरच्या धंद्याच्या गाडीला फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचं सर्टिफिकेट, दरवर्षी करावं लागतं, तिथे ती अडकेल आणि पंपावर घातलेले पैसे अडकून पडतील. खाली शिरताना नुसत्या जॅकवर भरवसा नको, घोडी, म्हणजे टेकूचा स्टँड, लाव. पावसाने भिजलेल्या पेव्हर ब्लॉकवर जॅक खचतो.

— काका, चेंबूर

*

काकांच्या मेलला एक जोड. मी नर्स आहे, म्हणून राहवत नाही. नोझलचा पाइप सैल असताना कोणी सेल्फ मारत असेल तर तिथे बोट नेऊ नका. जुन्या पंपाचा दाबही कातडी भेदायला पुरतो. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, आणि काही तासांनी हात सुजतो. तसं झालं तर घरी मलम लावत बसायचं नाही. थेट मोठ्या हॉस्पिटलात जाऊन डिझेल आत शिरलंय असं स्पष्ट सांगायचं. बोट वाचवायला तातडीने शस्त्रक्रिया लागू शकते.

दादांना आणि वहिनींना नमस्कार सांगा.

— ताई

*

काका, ताई,

हातपंप पन्नासेक वेळा मारला तेव्हा कुठे घट्ट झाला, आणि मग गाडी अर्ध्या सेल्फला उठली. टाकीकडून येणाऱ्या रबरी पाइपला क्लिपच्या आत चीर होती. बाहेर थेंब गळत नव्हता, फक्त हवा ओढली जात होती. पाइप, वॉशर आणि डिझेल फिल्टर बदलले. सकाळी दहाला उघडलेली गाडी तीनला चालू झाली. त्यानंतर चार सकाळी बघितलं, धूर नाही.

पाण्यातून काढली नव्हती. झाकणातूनही धूर नाही. चॅसी खणखणीत आहे, डाव्या मागच्या हँगरपाशी मात्र आवाज बसला. ते वेल्डिंगवाल्याला दाखवलं, फिटनेसच्या आधी करून घेतोय.

रविवारी नोझल काढले. काढायचं काम दादाने केलं, मी टॉर्च धरला. कुर्ल्याच्या पंपवाल्याने चारही लावून दाखवले. दोन फवारा मारायच्या ऐवजी थेंब टाकत होते. दम तिथेच तुटत असावा. ते करून आणले, बसवताना जुना वॉशर आत चिकटून राहिला नाही ना हे आरशाने बघितलं. सैल पाइपांची हवा काढताना सेल्फवर दादा होता, आणि मी हात मागे घेतलाय असं ओरडून सांगितल्याशिवाय त्याने चावी फिरवली नाही. ताई, तुमचा मेल त्याला आधी वाचून दाखवला होता.

गुरुवारी पहाटे चारला पेणला निघतोय. भरलेली गाडी कर्नाळ्याला मी चालवायची असं दादाचं म्हणणं आहे. तो शेजारी बसून इंजिन ऐकणार आहे.