कात्रण, चिकटचित्र की जुळणी?

प्रश्न : हाना ह्योख (१८८९–१९७८) या जर्मन चित्रकर्तीवर मी लेख लिहीत आहे. सचित्र साप्ताहिकांत आणि वृत्तपत्रांत छापून आलेली छायाचित्रे त्या जमवत, कापत आणि त्यांतून नवे चित्र उभे करत. अशा कृतीला ‘चिकटचित्र’ म्हणावे का? कापलेल्या तुकड्याला ‘कात्रण’ हा शब्द चालेल का?

उत्तर : ‘कात्रण’ अवश्य वापरावे, मात्र त्याला दोन अर्थ आहेत. वाचनालयातले कात्रण जपण्यासाठी कापलेले असते आणि त्यावर वृत्तपत्राचे नाव व तारीख लिहिलेली असते. शिंप्याकडचे कात्रण म्हणजे कापड बेतल्यावर उरलेले तुकडे. ह्योख यांचे तुकडे जपलेले आहेत, परंतु ज्या बातमीसाठी ते छापले गेले तिच्यापासून पूर्ण तोडलेले आहेत. १९१९–२० च्या त्यांच्या गाजलेल्या चित्रात जर्मन चित्रकर्ती केटे कोलविट्झ यांचे मस्तक एका नर्तकीच्या शिरविहीन देहावर तरंगते, आणि उजवीकडे तळाशी युरोपातील स्त्रियांच्या मताधिकाराचा नकाशा आहे, ज्याच्या कडेला ह्योख यांनी स्वतःचा चिमुकला चेहरा चिकटवला आहे.

‘चिकटचित्र’ मात्र मला अपुरे वाटते. ‘कोलाज’ हा शब्द चिकटवणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आल्यामुळे त्याला तो प्रतिशब्द नेमका बसतो. पण ‘दादा’ या बंडखोर कलाचळवळीच्या बर्लिनमधील गटाने, ज्यात ह्योखही होत्या, ‘मोंटाज’ हा शब्द पत्करला, जो जर्मनमध्ये सुटे भाग जोडून यंत्र उभे करण्याचा, म्हणजे कारखान्यातला शब्द आहे. मराठीत कारखान्यातही जुळणी होते आणि खिळ्यांच्या छापखान्यातही होत असे. तिथे अक्षरे जुळवणाऱ्याला जुळारी म्हणत. छापील कागदातून जन्मलेल्या या कलेला ‘छायाचित्र-जुळणी’ हे नाव मला फार जवळचे वाटते.

प्रश्न : ‘जुळणी’ पटली. त्याच चित्राच्या शीर्षकाची सुरुवात मी ‘स्वयंपाकघरातल्या सुरीने दिलेला छेद’ अशी केली आहे. ती योग्य आहे का?

उत्तर : ‘छेद’ चुकीचा नाही, पण तो शस्त्रक्रियेकडे आणि भूमितीकडे ओढतो. मूळ ‘श्निट’ या शब्दात कापणे आहे, तसाच कपड्याचा बेतही आहे. ह्योख यांच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण १९१६ पासून सुमारे दहा वर्षे त्या बर्लिनमधील उल्स्टाइन या प्रकाशनसंस्थेच्या हस्तकला विभागात भरतकामाचे आणि विणकामाचे नमुने तयार करत होत्या, आणि त्यांची कितीतरी चित्रे त्याच संस्थेच्या सचित्र साप्ताहिकातून कापलेली आहेत. म्हणून ‘बेतणे’ हा शब्द मोह पाडतो. पण बेतायला कात्री लागते आणि शीर्षकात सुरी आहे. सुरीने आपण भाजी चिरतो, भरल्या वांग्याला चिरा देतो. तेव्हा ‘स्वयंपाकघरातल्या सुरीने दिलेली चीर’ असे लिहावे, आणि शिवणाचा अर्थ लेखाच्या ओघात एका वाक्यात सांगावा.