हनुवटीवरचे केस आणि मामीने दिलेली पुडी

ऐरोलीची_मुलगी:
वय २६. हनुवटीखाली आणि ओठांच्या कडेला काळे, राठ केस येतात. पार्लरवाली आता विचारतही नाही, भुवया झाल्या की दोरा थेट हनुवटीवर. मेमध्ये लग्न आहे. मामीने जांभळी नाक्यावरून 'आयुर्वेदिक' पुडी आणून दिलीये. पाण्यात कालवून दहा मिनिटं लावायची, पुसली की केस निघतात म्हणे. रंग पिवळसर, वास सडक्या अंड्यासारखा. पुडीवर काहीच लिहिलेलं नाही. कोणी वापरली आहे का? पाळी नेहमी पंधरा-वीस दिवस लांबते, सांगायला हवं म्हणून सांगते.

नेरूळची_काकू:
आमच्याकडे मसूरडाळीचं पीठ, कस्तुरी हळद आणि साय. लहानपणी आजी चोळायची. बारीक लव जाते, पण राठ केसाला ढिम्म होत नाही, गाल मात्र लालबुंद होतात! लिंबू पिळून उन्हात जाऊ नकोस, डाग पडतात.

वैद्य_नौपाडा:
ताई, पुडी लावू नका. तो वास सल्फाइडचा. स्वस्त पुड्यांमध्ये बेरियम सल्फाइड असतं, काहींत हरताळ, म्हणजे आर्सेनिकचं खनिज. मामी म्हणतील हे ग्रंथातलं आहे, तर आहेच. सुश्रुताच्या चिकित्सास्थानात शंखचूर्ण दोन भाग, हरताळ एक भाग असा लोमशातनाचा, म्हणजे केस काढायचा, लेप दिलाय. पण तो आलाय व्रणाच्या उपचारात, जखमेवरचे केस काढायला. नवरीच्या चेहऱ्यासाठी नव्हे. शिवाय केस वरवर जळतो, मूळ तसंच राहतं.

खरी गोष्ट तुम्ही शेवटी लिहिलीत. पाळी लांबते आणि हनुवटीवर राठ केस, म्हणजे आधी पीसीओएस (अंडाशय आणि हार्मोनचा बिघाड) आहे का ते बघायचं. स्त्रीरोगतज्ज्ञांकडून सोनोग्राफी, आणि रक्तातून हार्मोनच्या तपासण्या: टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन), डीएचईएएस, १७-ओएचपी, प्रोलॅक्टिन, टीएसएच. आवाज घोगरा झाला किंवा केस दोन-तीन महिन्यांत झपाट्याने वाढले तर लग्नाच्या खरेदीआधी डॉक्टर.

आयुर्वेदात केस-लोम हा अस्थिधातूचा मल, म्हणजे हाडं घडताना उरणारा भाग, आणि चरकाने 'अतिलोमा' (अंगावर फार केस असलेला) अष्टौनिंदितांत, म्हणजे आठ निंदित शरीरांत, धरलाय. म्हणून आम्ही लेपापेक्षा पोटाकडे बघतो: अग्नी (पचन), मेद (चरबी), आर्तव (पाळी). वजन वाढलेलं असेल तर ते उतरवणं, रात्री उशिराचं जेवण बंद, मग प्रकृती बघून कांचनार गुग्गुळ वगैरे औषधं. यूट्यूब बघून नाही. पुदिन्याच्या चहाने टेस्टोस्टेरॉन थोडं उतरल्याचे छोटे अभ्यास आहेत, केस कमी झाल्याचं मोजमापात दिसलं नाही. औषध कुठलंही असो, फरक दिसायला सहा महिने. मेसाठी कोणी हमी देत असेल तर पैसे देऊ नका.

घोडबंदर_रोडवाली:
लग्नापुरतं थ्रेडिंगच कर, पण आदल्या दिवशी नको, पुरळ येतं. लेझरला बऱ्याच बैठका लागतात, मध्ये चार-सहा आठवडे जातात. आतून हार्मोन बिघडलेले असतील तर नंतर पुन्हा उगवतात, मी भोगतेय.

ऐरोलीची_मुलगी:
पुडी गेली कचऱ्यात. मामीला काय सांगू ते बघते 😅 रक्त द्यायच्या आधी थ्रेडिंग थांबवू का? आणि सर्दीसाठी ज्येष्ठमधाचा काढा घेतेय रोज.

वैद्य_नौपाडा:
थ्रेडिंगने रिपोर्टला काही होत नाही. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी रक्त द्या. गर्भनिरोधक गोळी चालू असेल तर आधी सांगा, आकडे खाली येतात. ज्येष्ठमध मात्र रोज नको, रक्तदाब वाढतो आणि टेस्टोस्टेरॉनवरही परिणाम होऊ शकतो. काढा थांबवा, सर्दीला आलं-तुळस पुरे.