नव्या गाडीचा एसी उन्हाळ्यात अपुरा पडतो का? खान्देशातील वाहनधारकांनी अनुभव लिहावेत

भुसावळ:
फेब्रुवारीत घेतलेली आमची नवी गाडी मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या आसपास गेल्यावर, आतून थंड होईनाशी झाली आहे. आईला उपचारासाठी दर आठवड्याला जळगावला न्यावे लागते, त्यामुळे हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये दोनदा नेली. एकदा ‘ऊनच तसे आहे’ असे सांगण्यात आले, तर दुसऱ्यांदा तपासणी न करताच गॅस भरून देण्याची तयारी दाखवण्यात आली. महामार्गावर गार हवा येते, पण रेल्वे फाटकाशी गाडी थांबली की पाच मिनिटांत ती कोमट होते. असा अनुभव ज्यांना आला, त्यांनी दोष नेमका कसा सापडला हे कृपया सविस्तर लिहावे.

जळगाव:
फाटकाजवळची आपली नोंद सर्वांत महत्त्वाची आहे. गाडी धावताना कंडेन्सरवर, म्हणजे गॅसमधली उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या भागावर, वारा आपोआप येतो. उभ्या गाडीत ते काम पंख्याला करावे लागते. तो मंद फिरला किंवा फिरलाच नाही, तर उष्णता बाहेर पडत नाही, गॅसचा दाब वाढत जातो आणि दाब फारच वाढला तर कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) बंद पडतो. माझ्या दोन महिन्यांच्या गाडीत पंख्याचा रिले (त्याला वीज देणारा स्विच) सदोष निघाला. इंजिन व एसी सुरू ठेवून, बॉनेट उघडून पंखा जोरात फिरतो का ते पाहावे. हात मात्र लांब ठेवावा, कारण तो अचानक सुरू होतो. त्याआधी गॅस भरू देऊ नये.

धरणगाव:
माझे जाणे-येणे जिनिंग कारखान्यांत असते. कापसाचा हंगाम सरेपर्यंत पुढच्या जाळीतून आत गेलेल्या तंतूंचा आणि धुळीचा थर कंडेन्सरवर बसला होता, पण गाडी अवघ्या सहा महिन्यांची असल्याने तिथे कचरा असेल हे कोणाच्याच मनात आले नाही. कमी दाबाच्या पाण्याने धुतल्यावर त्याच दिवशी फरक जाणवला. जोरदार फवारा वापरू देऊ नये. त्याने कंडेन्सरच्या पातळ पात्या वाकतात आणि हवेची वाट अडते.

शिरपूर:
आमच्याकडे खरोखरच गॅस कमी होता, तरीही तो भरणे हा उपाय नव्हता. बंदिस्त यंत्रणेतला गॅस वापराने संपत नाही. नव्या गाडीत तो इतका घटला, तर तो कुठून तरी गळत असतो. दोनदा भरून दोन्ही वेळा महिन्याभरात तीच अवस्था झाली. तिसऱ्या वेळी मी जॉबकार्डावर ‘गळती शोधावी’ असे लिहून घेतले, तेव्हा पाइपच्या सांध्यातील रबरी रिंग नीट बसलेली नसल्याचे दिसले. रिंग बदलून, व्हॅक्यूम करून (पंपाने आतली हवा काढून), बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेल्या ग्रॅमइतकाच गॅस वजनाने भरला. जास्त गॅसही थंडावा कमी करतो.

नंदुरबार:
बाहेरची हवा आत घेण्याचे बटण दाबलेले राहिले होते, एवढेच. उन्हात तापलेल्या गाडीच्या काचा दोन मिनिटे उघड्या ठेवाव्यात आणि मग हवा आतल्या आत फिरवावी.

चाळीसगाव:
चालकाच्या बाजूची हवा १९ अंश आणि शेजारची ९, असा फरक साध्या थर्मामीटरने दाखवला, तेव्हाच आमची तक्रार गांभीर्याने घेतली गेली. गरम-गार हवा मिसळणारी झडप अडकली होती.

भुसावळ:
सर्वांचे मनापासून आभार. पंखा फक्त मंद गतीने फिरत होता. त्याच्या जोडणीतील एक पिन सैल निघाली आणि दुरुस्ती वॉरंटीत झाली. उभ्या गाडीत झरोक्याशी २१ अंश मिळत होते, ते आता ११ मिळतात. गुरुवारी मालगाडी जाईपर्यंत फाटकाशी थांबावे लागले; आईने काच खाली करायला सांगितले नाही.