६० लिटरची टाकी आणि बोअरचं पाणी : कोणते मासे एकत्र ठेवू?

नमस्कार मंडळी,

घरी दोन फुटी टाकी आणली आहे, २४ × १२ × १५ इंच. खडी आणि वरची रिकामी जागा सोडली तर पाणी ६० लिटरच्या आसपास बसतं. स्पंज फिल्टर आणि एअर पंप चालू आहेत, मासे अजून सोडलेले नाहीत.

आम्ही अकोल्याचे, पाणी बोअरचं. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) ६००च्या वर दाखवतो आणि गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. दुकानदाराने सुचवलेली यादी अशी : एंजलची जोडी, १० निऑन टेट्रा, ४ गप्पी, १ फायटर आणि 'काच साफ करायला' १ सकर. म्हणे सगळे एकत्र राहतात. लेकीला निऑन हवेत, मला फायटर. यातलं काय जमेल? निऑनसाठी टाकीत आरओचं पाणी भरू का?

काचपेटी :
एंजल मोठा झाला की निऑन गिळणार. गप्पीच्या नराची रंगीत, पसरट शेपूट पाहून फायटर त्याला दुसरा फायटरच समजतो. सकर फूटभराच्या पुढे जातो आणि घाण एवढी करतो की काच साफ झाल्याचं समाधानही मिळत नाही. टाकीत मावेनासा झाला की लोक तो नदी-तलावात सोडून येतात. ते तर अजिबात करू नका.

पण स्वभाव जुळवण्याआधी पाणी बघा. निऑन मूळचा अ‍ॅमेझॉन खोऱ्यातला, कमी क्षाराच्या पाण्यातला. फार्मवर वाढलेले थोडेफार क्षार सोसतात, पण तुमच्या पाण्यात मी सोडणार नाही. टीडीएस म्हणजे नुसता कॅल्शियम नव्हे हे खरं, तरी पाणी जड, म्हणजे कॅल्शियमसारख्या क्षारांचं आहे, हे गीझरवरचा थरच सांगतो. गप्पी, प्लॅटी, मॉली यांना मात्र असंच जड पाणी मानवतं.

माझी निवड : ६ प्लॅटी आणि ८ झेब्रा डॅनियो. झेब्रा आपल्याच देशातला मासा, काटक, झुंडीत मजेत राहतो. प्लॅटी नुसते नर घ्या. मादी दुकानातूनच गाभण येते आणि नर नसला तरी काही महिने पिल्लं देत राहते. शेवाळासाठी २ नेराइट गोगलगायी. गोड्या पाण्यात त्यांची अंडी उबत नाहीत, त्यामुळे संख्या वाढत नाही.

नुसतं आरओचं पाणी नको, त्यात खनिजं जवळजवळ नसतात. मिसळून चालतं, पण दर आठवड्याला पाणी बदलताना तेच प्रमाण साधायचं आणि आरओमागे वाया जाणारं पाणी वेगळंच. अकोल्याच्या उन्हाळ्यात हे मला तरी पटत नाही.

मूळ धागाकर्ता :
निऑन बाद. लेकीला केशरी प्लॅटी दाखवले, तह झाला. फायटरसाठी वेगळी छोटी टाकी करेन. मग हे मासे या रविवारी आणू का?

शेवाळं :
थांबा. टाकीत नुसतं पाणी फिरवून फिल्टर तयार होत नाही. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जीवाणू स्पंजमध्ये वाढायला ४ ते ६ आठवडे लागतात आणि त्यांना अमोनियाचं खाद्य लागतं. रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाका. ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांचा स्पंज तुमच्या पाण्यात पिळून घ्या, काम लवकर होतं. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की आधी ४-५ झेब्रा सोडा, बाकीचे नंतर.

उन्हाळ्याचं एक राहिलं. पाणी आटतं पण क्षार टाकीतच राहतात. आटलेलं पाणी बोअरनेच भरत राहिलात तर ६००चे ९०० व्हायला वेळ लागत नाही. तेवढ्या भरीसाठी आरओचं पाणी वापरा. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो, त्यामुळे एअर पंप रात्रीही बंद करू नका. वर काचेऐवजी जाळीचं झाकण बसवा. हवा खेळती राहील आणि झेब्रा उडी मारून बाहेर पडणार नाहीत.