मदत हवी आहे: साचलेल्या पाण्यातून आणलेली गाडी आता सुरू करावी का?

नमस्कार. परवाच्या पावसात आमची गाडी गांधी मार्केटच्या पाण्यातून काढावी लागली. बंद पडली नाही, सायनला घरापर्यंत आली. आता सोसायटीत उभी आहे आणि पुढे काय करावं यावर घरात एकमत होत नाहीये, म्हणून इथल्या जाणकारांना विचारते आहे.

गाडी छोटी हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, कंपनी फिटेड सीएनजी, चार वर्षं जुनी. चालवत भाऊ होता, मी शेजारी. परळहून दादर टीटीपर्यंत रस्ता ठीक होता. किंग्ज सर्कलजवळ पुढे बेस्टची बस, मागे टेम्पो, वळायला जागा नाही आणि पाणी बघता बघता चाकाच्या वर. भावाने पहिल्या गिअरमध्येच, कुठेही न थांबता गाडी पुढे काढली. पण समोरून एखादी मोठी गाडी आली की लाट थेट बोनेटवर चढत होती. दारांच्या फटीतून पाणी आत आलं, क्लच दाबताना त्याचा पाय घोट्यापर्यंत बुडत होता.

सध्याची लक्षणं अशी. पुढच्या डाव्या सीटसमोरचं कार्पेट वरून सुकल्यासारखं दिसतं, पण अंगठ्याने दाबलं की अंगठ्याभोवती काळं पाणी वर येतं. वास विचारूच नका. एअरबॅगचा दिवा वाटेतच लागला तो गेलेला नाही. सायन सर्कलला ब्रेक दाबला तर पेडल नेहमीसारखं कडक, पण गाडी थांबायला वेळ लागला. ऑइलची पट्टी काढून बघितली, रंग नेहमीचाच वाटला.

आमचा नेहमीचा मेकॅनिक म्हणतो, "ताई, चालत आली ना? मग काही झालेलं नाही. सेल्फ मारू, वॉशिंगला टाकू, विषय संपला." सर्व्हिस सेंटरमध्ये फोन केला तर गाड्यांची रांग लागली आहे, पुढच्या आठवड्यात टो करून आणा म्हणाले. बाबांची ही गाडी आहे. रोज सकाळी खाली जाऊन तिच्याभोवती एक फेरी मारतात आणि काही न बोलता वर येतात. गणपतीला त्यांना आणि आईला घेऊन देवगडला जायचं आहे, एसटीचा प्रवास आईला झेपत नाही.

तर मेकॅनिकचं ऐकून गाडी सुरू करायची का? विमा पूर्ण आहे, झीरो डेपही (बदललेल्या भागांचे पैसे घसारा न कापता देणारं जादा कव्हर) आहे, पण गाडी बंद न पडताही क्लेम होतो का? आणि गावी नेण्याइतका भरवसा या गाडीवर पुन्हा ठेवता येईल का?

तेलकट बोटे

ताई, सेल्फ मारू देऊ नका. चावी फिरवून दिवे बघणंही नको.

गाडी घरापर्यंत चालत आली याचा अर्थ तोवर सिलिंडरमध्ये पाणी गेलं नव्हतं, एवढाच. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना मध्ये पाणी सापडलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यालाच हायड्रोलॉक म्हणतात, आणि पावसाळ्यात आमच्याकडे येणारी बरीच इंजिनं पाण्यात नव्हे, नंतर सेल्फ मारल्यामुळे गेलेली असतात. तुमच्या गाडीत मला भीती आहे ती एअर फिल्टरच्या डब्याची. लाट बोनेटवर चढत होती म्हणजे हवेच्या नळीत पाणी उडालं असणार. ते डब्याच्या तळाशी बसून राहतं आणि पुढच्या सेल्फला आत ओढलं जातं.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, दहा नंबरचा पाना लागतो. मग फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा उघडा. कागद आणि तळ दोन्ही कोरडे असतील तर मोठी चिंता मिटली. ओले असतील तर स्पार्क प्लग काढूनच इंजिन फिरवायचं, म्हणजे आत गेलेलं पाणी प्लगच्या भोकातून बाहेर पडतं. डिझेल गाडी असती तर याहून जास्त काळजी घ्यायला सांगितली असती, कारण तिथे दाब बराच जास्त असतो.

ऑइलच्या पट्टीवर विसंबू नका. इंजिन चालू असताना पाणी तेलात घुसळलं तर ते दुधाच्या चहासारखं दिसतं, तेव्हा शंका उरत नाही. पण गाडी उभी राहिली की पाणी जड असल्यामुळे खाली चेंबरच्या तळाला बसतं आणि वर पट्टीला चांगलं तेल लागतं. खालचा ड्रेन बोल्ट हळूहळू सैल करायला सांगा. पाणी असेल तर तेलाच्या आधी तेच येईल.

गिअर ऑइलकडे मात्र कुणाचंच लक्ष जात नाही. गिअरबॉक्स गरम असतो, अचानक गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा ये-जा करण्याचं भोक), सीलमधून पाणी आत खेचते. चाकांच्या बेअरिंगचंही तेच. आज गाडी गुपचूप चालेल आणि महिन्याभराने साठच्या स्पीडला घूं घूं आवाज सुरू होईल. गिअर ऑइल बदलाच, खर्च फार नाही.

हॅन्डब्रेक ओढून ठेवलेला असेल तर आत्ता खाली जाऊन सोडा. मागच्या ब्रेकच्या ड्रममध्ये ओले लायनर गंजून चिकटतात. पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला वीट लावा.

दवाखान्याची पायरी

गाडीचं मला कळत नाही, पण तुम्ही दोघे त्या पाण्यात घोट्यापर्यंत होता. पायाला कुठे खरचटलेलं असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या घाण पाण्यातून होणारा ताप) प्रतिबंधक गोळी पाण्याशी संबंध आल्यापासून ७२ तासांच्या आत घ्यायला महापालिका सांगते. पालिकेच्या दवाखान्यातही मिळते. गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका आणि ते कार्पेट उघड्या हातांनी उपसू नका, रबरी हातमोजे घाला.

चाकोरीबाहेर

मी मोटार विम्याचं सर्व्हेचं, म्हणजे गाडीचं नुकसान तपासायचं काम बरीच वर्षं केलं आहे. वरच्या दादांचं म्हणणं बरोबर आहे, पण त्याआधी एक पायरी आहे: काहीही उघडण्यापूर्वी विमा कंपनीला कळवा आणि क्लेमचा नंबर घ्या. फोटो काढा. गाडीबाहेर पाण्याने सोडलेली रेघ, कार्पेट, डॅशबोर्डवरचा दिवा परवाच टिपलेला असेल तर तोही. फिल्टरचा डबा उघडताना व्हिडिओ करा. इंजिन, गिअरबॉक्स मात्र सर्व्हेअर बघेपर्यंत कुणाला खोलू देऊ नका.

गाडी बंद पडलेली असण्याची अट कुठेही नसते. तुमच्यासारख्या पूर्ण, म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत पुराने झालेलं नुकसान धरलेलं असतं, म्हणजे कार्पेट, वायरिंग, एअरबॅगचं मॉड्यूल, ब्रेकचं काम हे सगळं मागता येतं. फक्त थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीपुरता) विमा असता तर हातात काही आलं नसतं. इंजिनाची गोष्ट वेगळी. पाण्यात भिजलेली गाडी कुणी सुरू केली आणि त्यामुळे रॉड वाकला, तर कंपनी त्याला नंतर ओढवून घेतलेलं नुकसान म्हणते आणि नाकारते. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर असतं. झीरो डेप म्हणजे इंजिन प्रोटेक्ट नव्हे, हे लोकांना क्लेमच्या दिवशी समजतं आणि मला दर पावसाळ्यात त्याचं वाईट वाटत आलं आहे. तुमच्या पॉलिसीच्या पानावर ॲड-ऑनची यादी असते, ती आज वाचा.

झीरो डेपचा फायदा तुम्हाला आहेच. ते नसतं तर रबर, प्लॅस्टिक, बॅटरी आणि एअरबॅगच्या भागांचे निम्मे पैसे तुमच्याच खिशातून गेले असते. मात्र क्लेम घेतला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाते. चार वर्षं क्लेम नसेल तर ती ४५ टक्के झालेली असते. नुसतं ऑइल, फिल्टर आणि सफाई एवढ्यावर भागत असेल तर आकडे मांडून बघा, बोनस राखणं परवडू शकतं. एअरबॅगचं मॉड्यूल गेलं असेल तर विचार न करता क्लेम करा.

कंपनीने अडवलं तर लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्याला फी नाही, वकीलही लागत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दवाखान्यात जाऊन आलो. हॅन्डब्रेक ओढलेलाच होता, बाबांनी लगेच खाली जाऊन सोडला. क्लेमचा नंबर घेतला, मग व्हिडिओ करत फिल्टरचा डबा उघडला. कागदाची खालची कड ओली आणि तळाशी गढूळ पाणी, त्यात एक पान तरंगत होतं. मेकॅनिकला तिथेच बोलावून दाखवलं. तो थोडा वेळ बघत राहिला, मग म्हणाला, प्लग काढल्याशिवाय फिरवायची नाही. पॉलिसीत इंजिन प्रोटेक्ट आहे! बाबांनी घेतलेलं, आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं.

सर्व्हेअर उद्या येतो आहे. तोवर कार्पेटचं काय करू? आणि सीएनजीबद्दल कुणीच बोललं नाही, ती भीती आहेच.

माहीमची खाडी

कार्पेटला वरून पंखा लावून काही होणार नाही. त्याच्याखाली जाड फोम असतो, तो महिनाभर पाणी धरतो. सर्व्हेअर येऊन गेला की सीट काढून कार्पेट पूर्ण बाहेर काढायला लावा. खाली पत्र्यात रबरी बुचं असतात, ती उघडली की साचलेलं पाणी निघून जातं. सीटखालच्या पिवळ्या कपलरना (वायरींच्या जोडण्या) हात लावू नका, ते एअरबॅगचे. बॅटरी सोडून काही मिनिटं थांबल्यावर जाणकारानेच ते काढावेत. तुमचा दिवा बहुधा तिथूनच लागला आहे. पण एअरबॅगचं मॉड्यूलही बऱ्याच गाड्यांत मधल्या कन्सोलखाली जमिनीलगतच असतं, तेही तपासून घ्या.

हे इतकं आग्रहाने सांगतो कारण २६ जुलै २००५ ला माझी गाडी कलिन्याला बुडाली होती. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. इंजिन नीट करून घेतलं, वर्कशॉपने वायरिंग मात्र बघितलंच नाही. दिवाळीनंतर एकेक दिवा, मग काचा, मग पेट्रोलचा पंप दगा द्यायला लागला. कपलर उघडले तर आतल्या पिना हिरव्या पडलेल्या. भरतीच्या वेळी आपल्याकडे पाण्यात खाडीचं खारं पाणी मिसळलेलं असू शकतं आणि गटाराचं तर असतंच, ते तांब्याला फार लवकर खातं. म्हणून पाण्याच्या रेघेखालचा प्रत्येक कपलर उघडून, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, सुकवून बसवायचा. कंटाळवाणं काम आहे, अर्ध्यावर सोडू देऊ नका.

तेलकट बोटे

सीएनजीचं सांगतो. टाकी आणि पाइप पाण्याने बिघडत नाहीत, पण टाकीचे पट्टे आणि नटबोल्ट गंजतात आणि इंजिनाजवळच्या रेग्युलेटरच्या वायरिंगमध्ये पाणी बसतं. डिकीतला टाकीचा व्हॉल्व्ह आत्ता बंद करा. काम झाल्यावर पहिल्यांदा गाडी पेट्रोलवर सुरू करायची. अधिकृत सीएनजी सेंटरमध्ये लीक टेस्ट करून घेतल्यावरच गॅस. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने टाकीची तपासणी) दर तीन वर्षांनी असते. तुमची गाडी चार वर्षांची आहे, म्हणजे ती एकदा झालेली असायला हवी, प्लेटवरची तारीख बघा.

देवगडचं विचारलंत. मागचे ड्रम उघडून लायनर साफ करून, पुढच्या कॅलिपरच्या पिनांना ग्रीस लावून, दोन वर्षांहून जुनं असेल तर ब्रेक ऑइल बदलून घ्या. त्यानंतर पनवेलपर्यंत एक फेरी मारा. खिडक्या खाली ठेवा, म्हणजे बेअरिंगचा आवाज ऐकू येईल. परतल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, एखादं बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर तिथला ब्रेक चिकटतो आहे. एअरबॅगचा दिवा विझलेला असेल आणि इंजिन ऑइल त्या फेरीनंतरही स्वच्छ दिसत असेल, तर आई-बाबांना घेऊन खुशाल जा. या दोन गोष्टींपैकी एक जरी जमली नसेल तर गणपतीला भाड्याची गाडी करा, आणि आपली गाडी घाई न करता नीट करून घ्या. गावाहून आल्यावर हजार किलोमीटरच्या आत इंजिन ऑइल पुन्हा एकदा बदला, आत राहिलेला ओलावा त्याबरोबर निघून जातो.